सराफाची पेढी आणि घड्याळजीचे मेज : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकासाठी निवडलेली सर्व पत्रे बडोद्याची आहेत आणि त्यांचा विषयही एकच आहे : एकाच दुकानात दागिन्यांचे आणि घड्याळदुरुस्तीचे काम करणाऱ्या कुटुंबांचा इतिहास. पत्रे मोठी होती, म्हणून त्यांतला प्रश्नाचा भाग तेवढा घेतला आहे, आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. मी स्वतः मांडवीजवळच्या अशाच एका दुकानात वाढलो. त्यामुळे उत्तरे देताना ऐकीव गोष्टींपेक्षा डोळ्यांसमोर झालेल्या कामाचा आधार अधिक घेतला आहे.

प्रश्न : आमचे दुकान रावपुऱ्यात होते. आत शिरताच उजव्या हाताला आजोबांची गादी आणि डाव्या हाताला, काचेच्या पेटीमागे, चुलत आजोबांचे घड्याळांचे मेज. आता दुकान राहिले नाही. आम्हा भावंडांना घराण्याच्या व्यवसायाचा इतिहास लिहून ठेवायचा आहे, पण हे दोन धंदे एकत्र आले कसे, हेच कोणाला सांगता येत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुरुवात वंशावळीपासून करू नका, दुरुस्तीच्या वहीपासून करा, असे मी आग्रहाने सांगेन. कोण कोणाचा मुलगा आणि दुकान कोणी थाटले, एवढ्याने पेढीचा इतिहास होत नाही. दुकानाची पायरी कोण चढले, काय घेऊन आले आणि त्यातले काय मोडले होते, यातून तो होतो. विक्रीच्या वहीत लग्नसराई आणि दसरा-दिवाळी दिसते, कारण घरात चार पैसे आले की नवा दागिना घेतला जातो. दुरुस्तीची वही वर्षभराची असते आणि तिच्यात हात आखडलेली माणसेही येतात : मंगळसूत्राची वाटी झिजून कडी सुटली म्हणून आलेली, पाटलीला चीर गेली म्हणून आलेली, वडिलांच्या माघारी त्यांचे घड्याळ चालू करून घ्यायला आलेली. बडोद्यातल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत पन्नास-साठ वर्षांपूर्वी काय जपले जात होते आणि काय मोडीत काढले जात होते, हे या वहीइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच मिळेल. अशा वह्या रद्दीत जाताना पाहिल्या की मला मनापासून वाईट वाटते.

आता दोन धंद्यांच्या एकत्र येण्याविषयी. कारणे अनेक आहेत, पण सर्वांत मोठे कारण हातात आहे. कुडीचे मळसूत्र बसवणाऱ्याला आणि मनगटी घड्याळातला स्क्रू बसवणाऱ्याला सारखीच नजर आणि सारखाच स्थिर हात लागतो. हत्यारेही बरीचशी तीच : बारीक कानशी, चिमटे, डोळ्याला लावायचे भिंग, स्पिरिटचा दिवा, लहानशी ऐरण. घड्याळ पडून बॅलन्सचा (मागेपुढे डोलून वेळ राखणाऱ्या चाकाचा) स्टाफ, म्हणजे दांडा, मोडला आणि सुटा भाग मिळेना, तर पोलादाची कांडी छोट्या लेथवर फिरवून नवा दांडा करावा लागे, आणि त्याच्या टोकाची जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर ठेवावी लागे. ज्याने लहानपणापासून जंत्रीतून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) सोन्याची तार ओढली आहे, त्याला हे काम शिकायला परक्या माणसाइतका वेळ लागत नसे.

दुसरे कारण मालाचे. खिशातल्या जुन्या घड्याळांची कवचे चांदीची, क्वचित सोन्याची असत, आणि त्यांना साखळी असे. झाकणाची बिजागरी झिजली की तिला झाळ द्यायला, म्हणजे वितळत्या धातूने सांधायला, सोनार हवा. पण झाळ देण्यापूर्वी आतले मशीन सुखरूप बाहेर काढायला घड्याळजी हवा, नाहीतर आचेने तबकडीचा मुलामा तडकायचा आणि कमानीचा (स्प्रिंगचा) ताठपणा जायचा. गिऱ्हाईक एकच, वस्तू एकच, आणि काम दोघांचे. ही वस्तू दोन दुकानांत फिरवण्यापेक्षा दोन्ही माणसे एका छपराखाली असणे सर्वांच्या सोयीचे होते. यात विश्वासाचाही भाग मोठा होता. ज्याच्या तिजोरीत सुनेची मोहनमाळ ठेवायला घरची माणसे कचरत नसत, त्याच्याकडे सासऱ्यांचे घड्याळ ठेवायलाही कचरत नसत.

तिसरे कारण आपल्या शहराचे आहे. १८६० च्या दशकात बडोद्याला रेल्वे आली, शाळा आणि कचेऱ्या वाढल्या, आणि वेळेवर पोहोचणे ही नोकरदाराची रोजची गरज झाली. १८९६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या प्रथम पत्नी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ रावपुऱ्यात मनोऱ्याचे घड्याळ उभे राहिले. तुमचे दुकान त्याच परिसरातले. त्या वेळी रेल्वे मद्रासची वेळ पाळत असे आणि गावचा व्यवहार सूर्याच्या वेळेने चाले. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, आणि बडोद्याची सूर्यावरून ठरणारी वेळ तिच्याहून सुमारे ३७ मिनिटे मागे पडते. गाडी गाठणाऱ्याला आणि मुनसफाच्या कोर्टात हजर राहणाऱ्याला आपले घड्याळ कुणाकडून तरी जुळवून घ्यावेच लागे. चुलत आजोबांचे मेज केव्हा मांडले गेले हे शोधताना शहराची ही बाजू लक्षात ठेवा.

एक गोष्ट विसरू नका. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना आवर्जून विचारा. मोती ओवणे, ठुशीचा गोफ बदलणे, घड्याळाच्या रिकाम्या डब्या नीट लावून ठेवणे, अशी कामे कित्येक घरांत काकू-आत्यांनी केली, आणि वहीत त्यांचे नाव कुठेच येत नाही. गिऱ्हाईक बायकांचेही तसेच : दागिना बाईचा, पण नोंद 'अमुक यांच्या घरून' अशी. ही नावे आता केवळ आठवणीतून मिळतील, म्हणून वह्या नंतर वाचल्या तरी चालेल, आत्यांकडे आधी जा.

प्रश्न : लाल कापडात बांधलेले पणजोबांचे चोपडे सापडले आहेत. काही मोडीत आहेत, काही गुजरातीत. साल संवताचे, वजने तोळे, मासे, गुंजांची, मधेच 'वाल' असा शब्द, आणि सर्वांत जुन्या चोपड्यात 'बाबाशाही' रुपये. हे आजच्या हिशेबात कसे आणावे?

उत्तर : वजनापासून सुरू करू. ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. इंग्रजी अमलात १८३३ मध्ये १८० ग्रेनचा तोळा प्रमाण ठरला, तो ११.६६४ ग्रॅम भरतो. समजा एखाद्या गोठाच्या जोडीपुढे २ तोळे ३ मासे ४ गुंजा असे लिहिले असेल, तर ते सुमारे २६.७३ ग्रॅम झाले. आज दुकानात बोलताना १० ग्रॅमला तोळा म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती जुन्या चोपड्याला लावलीत तर प्रत्येक तोळ्यामागे दीड ग्रॅमहून अधिक सोने कागदावरून नाहीसे होईल. वाल हे गुजराती सोनारांचे माप आहे. ३ रतींचा (म्हणजे गुंजांचा) १ वाल आणि ३२ वालांचा १ तोळा, म्हणजे हिशेब पुन्हा ९६ वरच येतो. तुमच्या पणजोबांनी वालात लिहिलेल्या नोंदी बहुधा गुजराती कारागिराकडे दिलेल्या कामाच्या असतील. त्या वेगळ्या काढून पाहा, म्हणजे घरात काय घडवले जाई आणि बाहेर काय दिले जाई याचा अंदाज येईल.

सालाचे गणित थोडे जपून करावे लागते. गुजरातेतले विक्रम संवत् कार्तिकात बदलते आणि नवा चोपडा दिवाळीला सुरू होतो. म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला संवतातून ५७ वजा करावेत आणि जानेवारीपासून आश्विनापर्यंतच्या तिथीला ५६. संवत् २०१९ च्या कार्तिकातली नोंद १९६२ ची, पण त्याच चोपड्यातली माघातली नोंद १९६३ ची. त्यातच महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांच्या वह्यांत कधी शके सापडते. तिथे गुढीपाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि पुढे ७९ मिळवावेत. गुजरातेत आणि महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तेव्हा पक्षाचा घोटाळा होण्याचे कारण नाही.

बाबाशाही हे बडोदे संस्थानाचे स्वतःचे नाणे. ते इंग्रजी रुपयाहून कमी किमतीचे धरले जाई आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ते चलनातून काढून इंग्रजी रुपया घेण्यात आला. म्हणून बाबाशाही आणि इंग्रजी रकमांची एकत्र बेरीज कधीही करू नका. चोपड्यात बाबाशाहीचा उल्लेख जिथे थांबतो, ती जागा कालनिश्चितीची चांगली खूणही आहे. तशीच दुसरी खूण १ एप्रिल १९५७ ची, जेव्हा आणे-पै जाऊन नवे पैसे आले.

मोडी वाचणारा माणूस मिळाला नाही, तर आधी प्रत्येक पानाचा स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा. शाई पुसट होत जाते, कागदाच्या घड्या तुटतात. वाचणारा पुढे मिळेल, पण पान गेले की गेले. आणि चोपड्यात हिशेबाच्या चिठ्ठ्या, दोऱ्याने बांधलेल्या पावत्या, कागदी पुड्या असतील तर त्या ज्या पानात सापडल्या तिथेच राहू द्या. एका ओळखीच्या घरी अशा पुडीत मोडक्या नथीचे दोन मोती निघाले. पुडी पानातून काढली असती, तर ती नथ कोणाची हे पुढे कधीच कळले नसते.

प्रश्न : आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात की आमचे मूळपुरुष खंडेराव महाराजांचे जवाहिरे होते आणि मोत्यांच्या गालिच्याचे काम त्यांच्या हातचे आहे. हे इतिहासात लिहावे काय?

उत्तर : 'घरात असे सांगतात' या शब्दांत जरूर लिहा, त्यापुढे मात्र कागद हाती येईपर्यंत जाऊ नका. बडोद्याचे राजे खंडेराव महाराज गायकवाड यांची कारकीर्द १८५६ ते १८७० ची. जवाहिरांचा त्यांना मोठा शौक होता. ब्राझीलमध्ये १८५३ साली सापडलेला 'स्टार ऑफ द साउथ' हा हिरा त्यांनीच घेतला, आणि आखातातल्या लाखो बारीक मोत्यांनी भरलेला तो गालिचा १८६५ च्या सुमारास त्यांच्याच आज्ञेने तयार झाला. पुढे तो देशाबाहेर गेला आणि २००९ मध्ये दोह्याला लिलावात विकला गेला. इतक्या प्रसिद्ध वस्तूभोवती बडोद्यातल्या अनेक सराफ घराण्यांच्या आठवणी गोळा झाल्या आहेत आणि त्यांतली प्रत्येक खरी असणे शक्य नाही. एवढे काम एका माणसाच्या हातून होत नसते. मोती निवडणारे, भोके पाडणारे, ओवणारे आणि भरतकाम करणारे असे पुष्कळ हात त्याला लागले असणार, आणि त्यांत तुमचे पूर्वज असणे अशक्य मुळीच नाही.

शोध घ्यायचा तर दिशा सरळ आहे. संस्थानाचे जवाहीर जामदारखान्याच्या (राजाच्या खजिन्याच्या) ताब्यात असे आणि देण्याघेण्याची नोंद होई. बडोदे संस्थानाचे दप्तर गुजरात राज्याच्या अभिलेखागाराकडे, बडोद्यातच आहे. घरात सनद, नेमणुकीचा कागद, पोशाखाची याद असे काही असेल तर त्यावरची तारीख आणि नाव घेऊन तिथे अर्ज करा. पण काहीच मिळाले नाही तरी निराश होण्याचे कारण नाही. तुमच्या पत्रात शेवटी एका ओळीत लिहिले आहे की आजोबा गरीब गिऱ्हाइकाकडून डागडुजीचे पैसे हप्त्याने घेत. मला त्या ओळीविषयी अधिक वाचायला आवडेल. तिचा पुरावा तुमच्या स्वतःच्या वहीत सापडण्यासारखा आहे.

प्रश्न : आजोबा नावाजलेले सोनार होते. १९६३ नंतर त्यांनी सोनारकाम जवळजवळ सोडले आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर धाकट्या भावाच्या हाताखाली घड्याळाचे काम शिकले. वडील या विषयावर कधी बोलले नाहीत. नेमके काय घडले होते?

उत्तर : तुमच्या आजोबांसारखी माणसे त्या काळी गावोगाव होती, म्हणून या पत्राला थोडे सविस्तर उत्तर देतो.

१९६२ च्या चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची ओढाताण होती आणि चोरट्या मार्गाने येणाऱ्या सोन्यावर ते खर्च होत होते. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात, जानेवारी १९६३ मध्ये, भारत संरक्षण नियमांखाली सोने नियंत्रणाचे नियम लागू झाले. त्यांतले सर्वांत जाचक कलम असे की नवा दागिना १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचा घडवता येणार नाही. कागदावर ही अट लहान दिसते. सोनाराच्या शेगडीपुढे ती काय होती हे समजून घ्यायला हवे.

आपले पारंपरिक दागिने २२ कॅरटचे, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. १४ कॅरटमध्ये ते ५८५ भाग उरते आणि बाकी तांबे-चांदी. असे सोने कडक असते. ठुशीचे पोकळ मणी करायला पत्रा पातळ व्हावा लागतो, गोफाला तार केसासारखी ओढली जावी लागते, चिंचपेटीच्या कोंदणात मोती बसवताना कड हलक्या दाबाने वळावी लागते. २२ कॅरटचे सोने हे सगळे निमूटपणे करते. १४ कॅरटचे सोने ठोकता ठोकता ताठरते, त्याला पुन्हा पुन्हा तापवून मऊ करावे लागते, तापवले की पृष्ठभाग काळवंडतो, आणि वळवताना कड चिरते. झाळही नव्याने जमवावी लागते, कारण ती दागिन्याच्या सोन्याआधी वितळली पाहिजे, आणि जुन्या प्रमाणात केलेली झाळ नव्या सोन्याच्या फार जवळ जाते. ज्या कारागिराने तीस वर्षे एका धातूची वागणूक बोटांनी ओळखली होती, त्याच्या हातात एका दिवसात दुसरा धातू आला. शिवाय गिऱ्हाईक ते घेईना. मुलीच्या लग्नात १४ कॅरटचे मंगळसूत्र घालायला कोणती आई राजी होणार होती?

बड्या सराफाकडे भांडवल होते. त्याने चांदी केली, वाट पाहिली. रोजच्या घडणावळीवर पोट असलेल्या सोनाराला वाट पाहता येत नव्हती. १९६६ मध्ये १४ कॅरटची अट उठली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला. त्याने परवाने, प्रमाणपत्रे, नोंदवह्या आणि तपासण्या चालूच ठेवल्या, आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. तोवर एक पिढी शेगडीपासून दूर गेली होती. ज्या मुलाने पंधराव्या वर्षी फुंकणी हाती घ्यायची, तो बँकेच्या परीक्षेला बसला. आज ठुशी आणि मोहनमाळ हाताने घडवणारे कारागीर का सापडत नाहीत, याच्या अनेक कारणांत हे एक मोठे कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता घड्याळांची बाजू. १९६१ मध्ये बंगलोरला एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. तोवर चांगले घड्याळ म्हणजे स्विस, आणि आयातीवर निर्बंध. आता कारकून, शिक्षक, गिरणीतला जॉबर (मुकादम) यांच्या मनगटावर एचएमटीची 'जनता' घड्याळे दिसू लागली. ही घड्याळे चावीची. वर्षा-दोन वर्षांत ती उघडून, पेट्रोलने धुऊन, दगडांपाशी (चक्रांच्या आसांची टोके ज्यांत फिरतात त्या खड्यांपाशी) तेलाचा सूक्ष्म थेंब देऊन पुन्हा जुळवावी लागत. म्हणजे ज्या काळात सोनाराचे काम आटले, त्याच काळात घड्याळजीचे वाढले. तुमच्या आजोबांनी हे ओळखले आणि धाकट्या भावाकडून शिकण्यात कमीपणा मानला नाही. पन्नाशीच्या सोनाराने नवशिक्यासारखे स्क्रू क्रमाने मांडून बसणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे त्या मेजावर बसलेल्यालाच कळेल.

वडील का बोलले नाहीत, याचे उत्तर मी देऊ शकत नाही. पण १९६२ आणि १९६४ च्या वह्या शेजारी ठेवून पाहा : कोणत्या महिन्यात नव्या घडणीच्या नोंदी थांबतात, डागडुजी किती उरते, घड्याळांच्या नोंदी कुठून वाढतात, घरखर्चाला कर्ज काढल्याची नोंद आहे का. जे घडले ते त्यातून दिसेल आणि ते लिहिताना संकोच बाळगू नका. आजोबांनी काहीही लपवण्यासारखे केलेले नाही.

प्रश्न : आमच्याकडे दुरुस्ती बंद का पडली? वडिलांचे हात शेवटपर्यंत उत्तम चालत होते.

उत्तर : हात चालत होते, पण ज्या यंत्राला ते हात हवे होते तेच बाजारातून गेले. चावीच्या घड्याळात कमान, दात्यांची चक्रे आणि बॅलन्स असतो. जुन्या चांगल्या घड्याळाचा बॅलन्स सेकंदाला पाच ठोके देतो. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झच्या घड्याळात स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि चूक राहते ती महिन्याला काही सेकंदांची. जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ १९६९ च्या नाताळात विक्रीला आणले. आपल्याकडे १९८७ पासून टायटनने ते घरोघर नेले. बिघडले तर आख्खे मशीन बदलणे दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडू लागले आणि मेजावर सेल आणि पट्ट्यांचे काम उरले. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

प्रश्न : पणजोबांचे खिशातले घड्याळ मिळाले आहे. ते कोणत्या काळातले हे कसे ओळखावे? चमकवून घ्यावे काय?

उत्तर : चमकवू नका. मागचे झाकण उघडून (अनुभवी घड्याळजीकडूनच उघडून घ्या) आतल्या बाजूचे छाप भिंगातून वाचा. स्त्रीचे मस्तक आणि ०.७५० असेल तर ते स्विस १८ कॅरट सोने. तीन अस्वले आणि ०.९३५ असेल तर १८८७ नंतरची स्विस चांदी. इंग्लंडचे कवच असेल तर चालत्या सिंहाशेजारी नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन, आणि सोबतच्या अक्षरावरून वर्ष काढता येते. तबकडीवर 'वेस्ट एंड वॉच कंपनी' आणि खाली बॉम्बे-कलकत्ता असेल, तर ते मुद्दाम भारतातल्या विक्रीसाठी आलेले आहे.

याहून मोलाच्या खुणा छापलेल्या नसतात. झाकणाच्या आत, तिरप्या उजेडात धरले की टोचणीने कोरलेली बारीक अक्षरे दिसतात : एखादा आकडा, दोन अक्षरे, कधी तारीख. प्रत्येक घड्याळजी काम केल्यावर स्वतःची खूण अशी कोरून ठेवत असे, म्हणजे घड्याळ परत आले तर आपण काय केले होते ते कळे. त्या खुणा तुमच्या घरच्या वहीतल्या क्रमांकांशी जुळवून पाहा. पॉलिश करणारा नेमक्या याच खुणा पुसून टाकतो, म्हणून हा आग्रह.

एक धोक्याची सूचना. काटे किंवा आकडे अंधारात चमकण्यासाठी पूर्वी रेडियमचा रंग वापरत. चमक गेली तरी रेडियम जात नाही; त्याचे अर्धे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. असा रंग खरवडू नका, त्याची पूड फुंकू नका आणि मुलांच्या हाती ते घड्याळ देऊ नका.

प्रश्न : दुकान आवरताना एका डब्यात दुरुस्त होऊन पडलेली, पण कोणी न नेलेली घड्याळे आणि काही दागिने निघाले. पुड्यांवर नावे आहेत. यांचे काय करावे? भाऊ म्हणतात, इतक्या वर्षांनी ते आपलेच झाले.

उत्तर : आपले झाले, असे नाही. दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू ही ठेव असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७० व्या कलमाने दुरुस्ती करणाऱ्याला आपली मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क दिला आहे. ती विकून टाकण्याचा हक्क त्या कलमाने दिलेला नाही. पावतीवर काही अट छापलेली असेल, तर ती पावती घेऊन वकिलाचा सल्ला घ्या.

पण कायद्याआधी व्यवहाराचे सांगतो. प्रत्येक पुडी न फाडता तिचा फोटो घ्या, वस्तूचे वजन करा, खूण पाहा आणि वेगळ्या वहीत नोंद करा : नाव, काम, बाकी रक्कम. मग ती नावे दुरुस्तीच्या वहीत शोधा. पत्ता निदान पोळीपुरता (पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्लीवस्ती) तरी लिहिलेला असतो. बडोद्यातली जुनी घरे विकली गेली असली तरी पोळीतले शेजारी एकमेकांचा ठावठिकाणा धरून असतात. घडियाळी पोळीतले एखादे घर आज मांजलपुरात किंवा पुण्यात असेल, पण विचारत गेलात तर पत्ता लागतो. ज्यांचे वारस भेटतील त्यांच्याकडून पोच घ्या, आणि त्याच बैठकीत त्यांना तुमच्या दुकानाविषयी काय आठवते ते विचारा. वस्तू देताना जुन्या मजुरीचा आकडा सांगावा की नाही, हे तुमच्यावर आहे. मी असतो तर सांगितला असता आणि घेतला नसता. ज्या पुड्यांचे कोणीच सापडणार नाही, त्या एकाच डब्यात, नोंदवहीसह, कुटुंबातल्या दोघांच्या सहीने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि भावाला तसे लेखी कळवा. नोंदवहीची एक प्रत घरी असू द्या, कारण नाव वाचून कोणी उद्या विचारत आले, तर लॉकर उघडण्याआधी उत्तर देता आले पाहिजे.